भिंतीवरची उलटी आळी

बाळंत होऊन आठवडा होतो न होतो तोच चांगुणाला भिंतीवर माणसं चालताना दिसू लागली, आणि तीही पाय वर, डोकं खाली. पहिली दिसली ती समोरची साळूबाई. डोक्यावर हंडा घेऊन ती विहिरीवरून येत होती. हंडा सगळ्यात खाली, त्याच्यावर साळूबाई, तिच्यावर हिरव्या लुगड्याचा घोळ आणि सगळ्यात वर तिची दोन पावलं. एवढं होऊन हंड्यातलं पाणी काही सांडत नव्हतं. चांगुणाने डोळे मिटले, पुन्हा उघडले. तोवर साळूबाई भिंतीच्या कडेला जाऊन विरून गेली होती.

ही गोष्ट शहात्तर सालच्या दिवाळीनंतरची, वडगाव रासाईच्या खालच्या आळीतली. चांगुणाची आई लग्नाआधीच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी करायला कोणी नव्हतं. "मी हाय की," असं सासू धुरपदा म्हणाली, आणि ती खरंच होती. आळीव, डिंक, शेक, धुरी, कशातही तिनं कसूर केली नाही. तिचा हुकूम एकच होता, की दार उघडायचं नाही, बाळंतिणीला वारं लागता कामा नये.

त्या खोलीला खिडकी नव्हतीच. दार तेवढं होतं, थेट आळीत उघडणारं. जुनं लाकडी दार वाळवीनं खाल्लं म्हणून सासऱ्यांनी, कोंडिबांनी, उन्हाळ्यात डांबराच्या पिंपाचा पत्रा ठोकून नवं दार केलं होतं. त्याच्या फटींत धुरपदानं चिंध्या कोंबल्या होत्या. आत भरदुपारीही असा अंधार की बाहेरून आलेल्या माणसानं आधी बाजेला ठेचकाळायचं आणि मगच बाळाचं कौतुक करायचं. नवरा, ज्ञानदेव, दौंडला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होता. तो शनिवारी घरी यायचा, पण बारशाआधी बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायची त्याला मुभा नव्हती. त्यामुळे आत चांगुणा, तिची लेक आणि आता ही भिंतीवरची उलटी मंडळी, एवढीच वस्ती होती.

दोन दिवस ती कोणाला काही बोलली नाही. बोलणार तरी काय? आधी तिला वाटलं, अशक्तपणा आहे, डोळ्यांपुढे येत असेल. पण अशक्तपणाला साळूबाईच्या लुगड्याचा रंग कसा कळावा? मग वाटलं, हे बाहेरचं काहीतरी आहे. त्या विचारासरशी तिनं लेकीला पोटाशी घट्ट ओढलं. पण बाहेरचं म्हणावं तर त्याचीही तऱ्हा निराळी. भुतं रात्री येतात असं तिनं लहानपणापासून ऐकलेलं. ही येत ऊन वर आल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी निघून जात. आभाळ आलं की येतच नसत. कचेरीच्या वेळा सांभाळणारं भूत तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्यात एक बैलगाडी गेली आणि तिचा पुरताच गोंधळ उडाला. घुंगरांचा आवाज स्पष्ट नदीच्या अंगानं जात होता, आणि भिंतीवरची गाडी, चाकं आभाळाला लावून, देवळाच्या अंगानं निघाली होती. कान एकीकडे ओढतायत, डोळे दुसरीकडे. ती कूस बदलून दाराकडे तोंड करून पडली, आणि तेव्हा तिला पत्र्यातलं भोक दिसलं. खिळा चुकीच्या जागी बसला म्हणून सासऱ्यांनी तो उपटला असणार, त्याचं ते राहिलेलं भोक. हरभऱ्याएवढं असेल, पण त्या अंधारात लखलखत होतं.

ती भिंत धरत धरत उठली आणि भोकावर बोट ठेवलं. भिंतीवरची आळी विझली. बोट काढलं, आळी परत आली. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं. चार वेळा हा खेळ झाल्यावर तिला हसू आलं, आणि आपण एकट्याच हसतोय हे लक्षात येऊन भीतीही वाटली. मग तिनं भोकाला डोळा लावला. बाहेर साळूबाईचं घर नीट उभं होतं. कडुलिंब जमिनीत मुळं रोवून होता. ओट्यावर मिरच्या वाळत होत्या, कोंबड्या पायांवर चालत होत्या. म्हणजे भोकातून तिनं बघितलं तर जग सरळ, आणि भिंतीनं बघितलं तर उलटं. मग खोटं कोण, भिंत की आपला डोळा? ती बाजेवर येऊन बसली. एवढ्या साध्या गोष्टीचा उलगडा होऊ नये याचा तिला रागच आला.

चांगुणाचा हात चांगला होता. माहेरी नागपंचमीला भिंतीवर नागनरसोबा काढायला आळीतल्या बायका तिलाच बोलवीत. तिनं शेगडीतला एक थंडावलेला कोळसा उचलला. तिनं विचार केला तो असा: जे दिसतंय ते माझ्या डोक्यातलं असेल तर रोज हलेल, बदलेल. खरंच भिंतीवर पडत असेल तर उद्याही तिथंच पडेल. म्हणून तिनं त्या उजेडाच्या कडेकडेनं कोळसा फिरवला. साळूबाईचं दार, ओट्याची पायरी, कौलांची रांग, कडुलिंबाचं खोड. सगळं उलटं, जसं होतं तसं. माणसं मात्र सोडून दिली, ती थांबायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं आणि साळूबाईचं घर हळूहळू भिंतीवर उतरलं ते बरोबर कोळशाच्या रेघांत जाऊन बसलं. दार दारावर, पायरी पायरीवर. चांगुणाला इतका आनंद झाला की तिनं झोपलेल्या लेकीला उठवून सांगितलं, "बघ, बघ तुजी आय येडी न्हाई." लेकीनं भोकाड पसरलं.

ते रडणं ऐकून धुरपदा चिमणी घेऊन आत आली आणि चिमणीच्या उजेडात तिला भिंतीवर उलटं घर दिसलं. काळ्या रेघांनी काढलेलं, कौलं खाली, उंबरा वर. अगदी बाळाच्या शेजारी.

"ह्ये कुनी काढलं?"

"म्या काढलं, आत्याबाई. हितं दिसतंय ना तसंच काढलंय. साळूकाकीचं घर हाय त्ये. मानसंबी दिसत्यात, उलटी चालत्यात."

धुरपदा तापट बाई. भाजीत मीठ जास्त झालं तरी तिचा आवाज देवळापर्यंत जायचा. पण आता ती ओरडली नाही. बाजेच्या कडेला धरून खाली बसली आणि अगदी हळू विचारलं, "मानसंच, का बैलंबी?"

"बैलंबी."

धुरपदानं चिमणी भिंतीपासून लांब ओढली. चांगुणा घाईघाईनं भोकाचं सांगू लागली, बोटाचं सांगू लागली, पण धुरपदाचं ऐकण्याकडे लक्ष नव्हतं. "घाबरू नगासा, थांबा, दावते," म्हणत चांगुणाने चिमणी फुंकली. पण धुरपदा आत्ताच उन्हातून आलेली. तिच्या डोळ्यांपुढे अंधाराशिवाय काही नव्हतं. "कुठं हाय? मला तर कायबी दिसत न्हाई," ती म्हणाली. चांगुणाला तर समोर लख्ख दिसत होतं. साळूबाईची कोंबडी छपराला चिकटल्यासारखी टिपत चालली होती. "ही काय, ही काय," ती बोट दाखवत राहिली, आणि जितकं दाखवलं तितकी धुरपदाची खात्री पटत गेली, की सुनेला जे दिसतंय ते बाकी कोणाला दिसायचं नाही.

मग साळूबाई आली, तिनं दार सताड उघडून विचारलं, "कुठं गं मी उलटी?" दार उघडल्यावर काय दिसणार? कपाळ. भिंत पांढरीफटक आणि त्यावर कोळशाचं ते अभद्र घर. साळूबाईनं तोंडाला पदर लावला आणि बाहेर पडली. आळीभर काय पसरलं असेल ते वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी धुरपदानं निकाल दिला. तिची लेक जाईबाई शिक्रापूरला दिलेली होती, तिच्या अंगावर सहा महिन्यांचं पोर होतं. "रविवारी ग्यानबा आला की दुपारच्या यष्टीनं बाळ शिक्रापूरला न्यायचं. जाई पाजील. तुजं निवळलं की आनू माघारी."

"निवळलं म्हंजी काय, आत्याबाई? आन् कवा?"

धुरपदा भिंतीला पाठ करून उभी होती. ते घर पाहिल्यापासून तिनं त्या भिंतीकडे पाहायचं सोडलं होतं.

चांगुणा त्या रात्री आणि पुढचे सगळे दिवस एकच गोष्ट घोळवत राहिली. आपल्याला खरंच काही झालं असेल तर? भोकावर बोट ठेवलं की आळी विझते, हेही आपल्याला वाटतच असेल तर? रेघांवर घर बसलं, पण बसलंय हे पाहणारे डोळे तिचेच. लेक दूध पिताना गुटगुट आवाज करायची, तो आवाज चाललाय तोवर तिला थोडं बरं वाटे. थांबला की तेच विचार पुन्हा सुरू.

शनिवारी ज्ञानदेव आला. धुरपदानं बाजाराला जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला होता, त्यामुळे त्याला सगळं कळलेलं. तो येऊन दाराला टेकून बाहेर बसला. त्याबरोबर भिंतीवरची आळी गडप झाली.

"जरा सरका," आतून चांगुणा म्हणाली. "भोक झाकलंसा तुमी."

तो सरकला. दाराशेजारी भिंतीला पाठ लावून बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "म्या सर्जेराव फोटोवाल्याला इचारलं. ठेसनापल्याड त्याचं दुकान हाय न्हवं, आपला लग्नातला फोटो काढला त्यो. म्हनला, ये, दावतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या मागं काळं फडकं असतंय, त्यात माजं डोकं घातलं. आन् काय सांगू, समोरचं बाकडं उलटं. त्याचा पोऱ्या बाकड्यावर बसला तर त्योबी उलटा."

चांगुणा बाजेवरून उतरून दाराशी येऊन बसली. पत्र्याला कान लावला. "आन् मग?"

"मग म्हनला, उजेड सरळ जातो. वळत न्हाई, वाकत न्हाई. झाडाच्या शेंड्यावरचा उजेड भोकातनं सरळ खाली उतरतोय, बुंध्याचा सरळ वर चढतोय. भोकात दोगांची वाट एकमेकाला छेदती, म्हून वरचं खाली, खालचं वर. डावं उजवं तसंच. ह्ये तर मला समजलं. समजलं असं वाटलं."

"मग?"

"मग त्यो म्हनला, आपल्या डोळ्यातबी असंच व्हतंय. आत समदं उलटंच पडतं. डोकं त्ये सुलटं करून घेतं. हितं माजं गाडं अडकलं. म्हनलं, मग बायकोचं डोकं भिंतीवरचं सुलटं का करीना? त्येला इचारलं तर त्योबी इचारात पडला. म्हनला, त्ये माज्या धंद्यात येत न्हाई, मी गालाला लाली लावून देतो, लुगड्याला रंग देतो. आन् च्या मागवला."

चांगुणाला एवढं कळलं, की दौंडमध्ये एका माणसाच्या पेटीतही तिच्यासारखंच दिसतं. बाकीचं तिला कळलं नाही, पण एवढ्यानंच तिच्या छातीवरचं ओझं निम्मं उतरलं. ती म्हणाली, "आत्याबाईंना सांगा."

त्यानं सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं झालं. सरळ उजेडाची गोष्ट धुरपदानं कशीबशी ऐकून घेतली. पण सगळ्यांच्या डोळ्यांत जग उलटंच पडतं म्हटल्यावर ती लेकाकडे बघतच राहिली. "म्हंजी मी आत्ता तुला उलटा बगती? आन् तिला बरुबर दिसतंय, आपुन समदी उलटी, असं म्हनतोस व्हय रं?" ज्ञानदेव म्हणाला, तसं नाही, मग म्हणाला, तसंच, पण तसं नाही, मग डोकं खाजवू लागला. धुरपदाला वाटलं, आता लेकालाही लागण झाली.

तो पुन्हा दाराशी आला. "चांगुणा, सोपी गोष्ट हाय. मी भोकात बोळा मारतो. तू म्हन, आता दिसत न्हाई. संपलं. बाळ तुज्यापाशी ऱ्हाईल."

तिला मोह झाला. मोह कसला, तिनं जवळजवळ हो म्हटलंच होतं. एका चिंधीचं तर काम. पण मग तिला पुढचं सगळं दिसलं. आज गेलं म्हटलं की काल होतं हे कबूल. मग लेकीला खोकला झाला की म्हणतील, आईचं ते परत आलं. लेक उशिरा चालली, कोणाशी भांडली, पुढं तिचं लग्न अडलं, की म्हणतील, तिच्या आईला बाळंतपणात दिसायचं. हे जन्माला चिकटायचं.

"बोळा नगं," ती म्हणाली. "मला काय झालेलंच न्हाई, मग गेलं कसं म्हनू?"

"तू लई हट्टी हायस," ज्ञानदेव म्हणाला, आणि त्याच्या आवाजात रागाइतकीच काळजी होती.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. धुरपदा बाळाला न्यायला आली. तिनं दुपटं, अंगडी, काजळाची डबी असं गाठोडं बांधलं. चांगुणाने विरोध केला नाही. लेकीला पाजलं, पुसलं, आणि मांडीवरच ठेवून म्हणाली, "यष्टीला येळ हाय, आत्याबाई. तवर माज्यापाशी बसा. दार लावून, दिवा न लावता. काय दिसलं न्हाई तर तुमी लेकराला न्या, मी रडनार न्हाई."

धुरपदा दाराकडे पाहत म्हणाली, "मला न्हाई बसायचं हितं."

"का, आत्याबाई?"

धुरपदानं गाठोडं बाजूला सारलं आणि ती बसली. चांगुणाने दार ओढून घेतलं.

पहिल्यांदा काहीच नव्हतं. दोघींचे श्वास आणि लेकीची चुळबुळ. धुरपदा दोनदा उठायला गेली, दोनदा चांगुणाने तिच्या हातावर हात ठेवला. बाहेर ज्ञानदेव कोणाशी तरी यष्टीबद्दल बोलत होता. मग भिंत थोडी राखाडी झाली. मग राखाडीत हिरवट काही हललं. चांगुणाला ते केव्हाचं दिसत होतं, पण या खेपेला तिनं बोट दाखवलं नाही. ती सासूच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"लिंब हाय त्यो," धुरपदा म्हणाली.

"व्हय."

"खाली शेंडा."

"व्हय, आत्याबाई."

कौलं आली. लाल मिरच्या आल्या, ओट्याला खालून चिकटलेल्या. मग साळूबाई सूप घेऊन दारातून निघाली, पाय वर, डोकं खाली, आणि मिरच्या वरखाली करू लागली. धुरपदाच्या तोंडून श्वासासारखं निघालं, "साळी." तिनं उठून चाचपत जाऊन भोकावर तळवा ठेवला. साळूबाई विझली. तळवा काढला. साळूबाई मिरच्या वरखाली करतच होती.

धुरपदा तिथंच, दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून, खाली बसली.

"माज्या येळंला लाकडी दार व्हतं हितं," ती म्हणाली. "फळीतली गाठ निसटली व्हती. ग्यानबाच्या आधीचं लेकरू. पोरगा व्हता. मला बैलं दिसायची, उलटी जाताना. म्या सासूला सांगितलं."

चांगुणा लेकीला घेऊन तिच्याजवळ सरकली.

"भगत आनला. झाडूनं मारलं मला, मिरच्यांची धुरी दिली. लेकरू उचलून नेलं माज्यापासनं, नजर लागंल म्हून. शेळीच्या दुधावर ठिवलं. मी हितं, आन् माजं दूध वाहून जायाचं. सासऱ्यानं दाराच्या भोकात शेणाचा बोळा भरला, वारं येतंय म्हून. मग दिसायचं थांबलं. समदी म्हनली, भगताचा गुन आला. मीबी म्हनलं. लेकरू न्हाई जगलं. म्हनले, आयचीच बाधा लागली त्येला."

बाहेरून ज्ञानदेवानं पत्र्यावर थाप मारली. "आये, यष्टी आली. बाळ दे."

"जाऊ दे यष्टी," धुरपदा आतून म्हणाली.

"आगं पन जाई वाट बगंल."

"जाऊ दे म्हनलं ना."

पावलं लांब गेली. भिंतीवर ज्ञानदेव दिसला, उलटा, आळीच्या मधोमध, काय करावं ते न कळून उभा. धुरपदा त्याच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"म्हंजी मला काय झालं नव्हतं," ती म्हणाली. "चांगुणा, मला कायबी झालं नव्हतं गं."

"न्हाई, आत्याबाई."

"आता कुनाला सांगू? सासू गेली, सासरा गेला, भगत गेला. समदी मेली."